हे पत्र निःपक्षपाती नाही

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "चहा की कॉफी?"

मला जपानात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. संकोचानं म्हटलं, "काहीही चालेल."

त्यांनी मान डोलावली, समोर येऊन बसल्या आणि तासभर छान गप्पा मारल्या. चहा आला नाही. कॉफीही आली नाही. निघताना मी दाराशी बूट घालत होते, तेव्हा म्हणाल्या, "अगं, राग मानू नकोस. काहीही चालेल म्हणणाऱ्याला या घरात काहीच मिळत नाही. उद्या ये, आणि येताना बाजू ठरवून ये."

दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यातूनच "चहा" म्हटलं. चहा मिळाला, वर चकल्याही मिळाल्या. त्यांचे यजमान आत स्वयंपाकघरात स्वतःसाठी वेगळा चहा करत होते. मी बघतेय हे पाहून बाई म्हणाल्या, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी यांना विचारलं, चहा की कॉफी. हे म्हणाले, तू देशील ते. एकवीस वर्षं झाली, आपला आपण करून पितायत."

आतून यजमानांचा आवाज आला, "आता सवय झाली."

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या त्या वसाहतीत सगळे त्यांना संपादकबाई म्हणायचे. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. पुण्या-मुंबईहून दर महिन्याला नवे इंजिनियर उतरायचे, टोकियोतल्या बँकांच्या प्रोजेक्टवर लागायचे, आणि मागोमाग आम्ही बायका यायचो, एक कुकर, एक मिसळणाचा डबा आणि बरंचसं रिकामेपण घेऊन. संपादकबाई मात्र कुकर न घेता आल्या होत्या. सामानाची वजनमर्यादा होती, आणि त्यात त्यांच्या प्रबंधाच्या फायली बसवायच्या होत्या. पहिले चार महिने त्यांनी वरण पातेल्यात शिजवलं आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. वरण कच्चं असायचं, ती कुरकुर यजमानांच्या वाट्याची. तीही त्यांनी केली नाही.

प्रबंध अर्धवट होता. विषय होता अमेरिका स्वतंत्र झाल्यावर लगेचच्या काळातले वर्तमानपत्रांचे संपादक. दोनशे वर्षांपूर्वीचे हे लोक उघडउघड एकेका पक्षाचे असायचे. विरोधी पक्षाला छापून शिव्या घालायचे, रस्त्यात एकमेकांवर काठ्या उगारायचे. शेवटी सरकारनं राजद्रोहाचा कायदा केला आणि अध्यक्षाविरुद्ध लिहिणाऱ्यांना तुरुंगात धाडायला सुरुवात केली. पुण्यात मार्गदर्शकांशी बाईंचं वाजलं, कारण मार्गदर्शकांचं मत पडलं की लिखाणात तटस्थता हवी. तिथेच प्रबंध थांबला. पण ती माणसं काही बाईंच्या घरातून गेली नाहीत. आपण नातेवाइकांना जसं गावावरून ओळखतो, नाशिकचे, साताऱ्याचे, तशा त्या या संपादकांबद्दल बोलायच्या.

"आमच्या फिलाडेल्फियाच्यांचं फार वाईट झालं गं," पोळ्या लाटता लाटता त्या सांगायच्या. "पकडलं, आणि खटला उभा राहायच्या आधीच पिवळ्या तापानं गेले. व्हरमाँटच्यांचं मात्र बरं झालं. तुरुंगात बसून निवडणूक लढले आणि निवडून आले."

नवीन आलेली एक मुलगी हे ऐकून घरी गेली आणि नवऱ्याला म्हणाली, त्यांच्याकडे सुतक आहे बहुतेक.

माझे आवडते मात्र न्यूअर्कचे. ते संपादक नव्हतेच, साधा दारू प्यायलेला माणूस. गावातून अध्यक्षांची स्वारी चालली होती, तोफांची सलामी झडत होती. तोफेचा गोळा अध्यक्षांच्या कुठल्या अवयवाला लागला तर बरं होईल, याबद्दल तो गुत्त्यात काही बोलला. त्याला शिक्षा झाली. बाई ही गोष्ट सांगताना अवयवाचं नाव घेत नसत, फक्त लाटणं त्या दिशेला दाखवत.

त्यांचं पत्र पंधरवड्याला निघायचं. नाव 'टोचणी'. दोन पानं, पाठपोट. तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे एकाच्या संगणकावरची अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन उगवायची. म्हणून त्या हातानं लिहीत आणि कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, जाऊन झेरॉक्स काढत. मग सायकलच्या पुढच्या टोपलीत गठ्ठा ठेवून घरोघरी. अग्रलेख लिहिताना घरातसुद्धा कोट घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "गाऊनमध्ये लिहिलं की मत मऊ पडतं."

नावाखाली पहिल्या अंकापासून एक ओळ असायची. 'हे पत्र निःपक्षपाती नाही.'

पक्ष होता नव्या लोकांचा. आमच्या मराठी मंडळात जुने आणि नवे असे दोन तट होते. जुने म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेले. त्यांना स्टेशनांची नावं पाठ होती आणि ती ते आम्हाला ऐकवत असत. मंडळाचे अध्यक्ष जुन्यांतले, एका मोठ्या प्रोजेक्टवर मॅनेजर, कामसू आणि जरा ताठ. त्यांच्या सोसायटीतल्या, शाळेतल्या, देवळातल्या सगळ्या सूचना "माझ्या असं लक्षात आलंय की" या शब्दांनी सुरू व्हायच्या. बाई स्वतः खरं तर जुन्यांतल्या, पण पहिल्याच वर्षी नव्यांच्या बाजूला येऊन बसल्या. अडचण एकच होती. बाईंचे यजमान याच अध्यक्षांच्या हाताखाली काम करत होते.

यजमान टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा त्यांचा धंदा. 'टोचणी'चं मुद्रितशोधन तेच करायचे, तेही ऑफिसच्या पद्धतीनं. तक्ता आखून पान, ओळ, काय हवं, काय आहे, आणि शेवटच्या रकान्यात चुकीची तीव्रता. ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे 'किरकोळ'. तारीख चुकली तर 'मध्यम'. एकदा बाईंनी अध्यक्षांना 'स्वयंघोषित' म्हटलं होतं. यजमानांनी त्यापुढे लिहिलं, 'गंभीर. ते निवडून आलेले आहेत.' बाईंनी शब्द काढला. यजमानांचं ऐकून बदललेला मला माहीत असलेला हा एकमेव शब्द.

वाचकांची पत्रंही यायची. त्यात 'एक संतप्त वाचक' नावाचा एक जण बाईंना फार झोडपायचा. 'संपादिकेला घरची कामं नाहीत काय?' वगैरे. अध्यक्ष ही पत्रं बैठकीत खुशीनं वाचून दाखवत. एकदा मी बाईंना म्हटलं, "कोण हो हा माणूस? इतकं लागट लिहितो."

"मीच," त्या म्हणाल्या. "इथे कोणाला धड विरोधसुद्धा करता येत नाही. सगळं मलाच करावं लागतं."

आता मूळ गोष्टीकडे येते.

जपानात कचऱ्याचं वेळापत्रक असतं हे आता सगळ्यांना माहीत झालंय. जळणारा कचरा या वारी, बाटल्या त्या वारी, आणि पिशवी सकाळी ठरलेल्या वेळेतच जाळीखाली ठेवायची, नाहीतर कावळे येतात. एका बुधवारी आमच्या इमारतीखाली भलत्याच दिवशी कोणीतरी पिशवी ठेवली. कावळ्यांनी ती फोडली. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर सगळं पसरलं. दुपारी जिन्यात सूचना लागली, जपानीत आणि इंग्रजीत, फोटोसकट. सूचना 'भारतीय रहिवाशांना' होती. ते दोन शब्द वाचून आम्ही सगळ्याच जिन्यातून मान खाली घालून जाऊ लागलो.

तिसऱ्या मजल्यावर कंपनीनं घेतलेल्या एका खोलीत चार अविवाहित इंजिनियर राहायचे. नवे, आवाज जास्त, आणि त्यांच्या दाराबाहेर बुटांचा ढीग. अध्यक्षांनी व्यवस्थापनाच्या ऑफिसात जाऊन मंडळातर्फे माफी मागितली आणि सांगून आले की त्या चौघांचं काम आहे, महिनाअखेर त्यांची व्यवस्था दुसरीकडे केली जाईल. दुसरीकडे म्हणजे पार चिबाच्या पलीकडे, ऑफिसपासून दोन तासांवर. चौघांनी शपथा घेतल्या की आम्ही त्या दिवशी उठलोच नव्हतो. त्यातला सोलापूरचा संपादकबाईंकडे आला. त्याला रडू आवरत नव्हतं. त्याची आई महिनाभरासाठी येणार होती, तिचं तिकीट काढून झालं होतं.

बाईंनी कोट घातला आणि जिन्यात गेल्या. सूचनेसमोर त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मी भाजी घेऊन येत होते. मला म्हणाल्या, "हा फोटो नीट बघ. काय दिसतंय?"

मी बघितलं. कांद्याची सालं, दुधाचं खोकं, आणि बाळाचे डायपर. एक नाही, चांगले दहा-बारा.

त्या पंधरवड्याच्या 'टोचणी'ची पहिल्या पानावरची ओळ होती, 'चौघांपैकी कोणाला बाळ झालं?' आणि खाली, बारीक अक्षरात, 'पेढे कधी?'

पुढे नाव नव्हतं. पण आमच्या इमारतीत बाळ असलेलं भारतीय घर एकच होतं. अध्यक्षांचं.

दोन दिवस वसाहत हसत होती. तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली. विषय एकच. मंडळाची किंवा पदाधिकाऱ्यांची बदनामी करणारं लिखाण केल्यास सदस्यत्व रद्द करण्याचा नियम, आणि त्याखाली संपादकबाईंवर कारवाई.

मी घाबरून त्यांच्याकडे गेले. त्या चक्क शिरा करत होत्या. चेहरा असा, की मुलीचं लग्न ठरलंय. "अकरा वर्षं मी वाचतेय गं या खटल्यांबद्दल," त्या म्हणाल्या. "माझ्यावर कोणी एकही भरला नव्हता."

"अहो, पण यजमानांच्या नोकरीचं काय?"

त्यांचा हात थांबला. तो विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. करून बाजूला ठेवला होता. यजमान टेबलाशी अंक घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी दोनदा तपासलं," ते म्हणाले. "चूक सापडली नाही." आणि स्वतःचा चहा ठेवायला उठले. बाईंनी त्यांना खाली बसवलं आणि शिऱ्याची बशी पुढे केली. कसा हवा वगैरे काही विचारलं नाही.

सभा रविवारी दुपारी वॉर्डाच्या हॉलमध्ये होती, पाचपर्यंत. बाई तीन फायली घेऊन आल्या. अध्यक्षांनी नियम वाचला. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या की आरोप मान्य नाही, आणि निवाडा बारा जणांच्या ज्यूरीनं करावा. अध्यक्ष म्हणाले, "ही काय अमेरिका आहे?"

"नाही ना," बाई म्हणाल्या. "तिथे आधी कायदा केला आणि मग त्याखाली लोकांना धरलं. तुम्ही आधी धरलंय आणि आता नियम करताय. आणि त्या कायद्यातसुद्धा एक सोय होती. लिहिलेलं खरं आहे हे दाखवलं, तर सुटका."

मागच्या रांगेतले नवे लोक ज्यूरी होण्याच्या कल्पनेनंच खूश झाले. दोन्ही बाजूंची मिळून अकरा माणसं तयार झाली. बारावं कोणी मिळेना. बाकीच्यांना अध्यक्षांच्या हाताखाली दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं. तेवढ्यात हॉलचे जपानी काका दारात आले. सत्तरीचे असतील. साडेचार झाले, खुर्च्या आवरायला घ्या, असं सांगायला आले होते. बाईंनी कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला आणि रिकामी खुर्ची दाखवली. एवढं वाकून कोणी बसायला सांगितल्यावर नाही म्हणणं त्यांच्या संस्कारात नव्हतं. ते बसले.

वाद सुरू झाला. अध्यक्ष म्हणत होते की नाव न घेता केलेली बदनामी जास्त वाईट. बाई फोटो उंच धरून दाखवत होत्या. काकांना मराठीतला एक शब्द कळणं शक्य नव्हतं, पण मध्येमध्ये सगळेच 'गोमी' म्हणत होते. गोमी म्हणजे कचरा. इथे आल्यावर आमच्या बोलण्यात सगळ्यात आधी शिरलेला शब्द. काका माझ्याकडे झुकले. मी जेवणाचे डबे विकणाऱ्या एका दुकानात अर्धवेळ काम करायचे, त्यामुळे माझं जपानी चार लोकांपेक्षा बरं होतं. मी त्यांना थोडक्यात सांगितलं. कोणाचा कचरा, यावरून भांडण आहे.

त्यांनी फोटो मागून घेतला. हात लांब करून पाहिला. मग मला एकच गोष्ट विचारली.

"काय म्हणतायत?" अध्यक्षांनी विचारलं.

मी सांगितलं. "ते विचारतायत, बाळ असलेल्या घरातल्या बाईला कचऱ्याचं कोणी शिकवलं होतं का?"

आणि मग अगदी मागून, बाळाला पोटाशी बांधून उभी असलेली अध्यक्षांची बायको म्हणाली, "पिशवी मीच ठेवली होती."

तिला येऊन पाच महिने झाले होते. मी तिला तोवर चारदा भेटले असेन, तेही लिफ्टमध्ये. ती हळू आवाजात सांगत होती, पण हॉल इतका शांत होता की ऐकू येत होतं. सुरुवातीला एकदा तिनं चुकीच्या दिवशी पिशवी नेली, तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई तिच्यावर ओरडल्या. काय ओरडल्या ते कळलं नाही. भिंतीवरचं वेळापत्रक तिला वाचता येत नव्हतं. तेव्हापासून ती पिशव्या बाल्कनीत साठवायची. नवरा रात्री उशिरा यायचा, त्याला काय सांगायचं. त्या आठवड्यात वास यायला लागला, म्हणून पहाटे एक पिशवी गुपचूप खाली ठेवून आली. सूचना लागल्यावर नवऱ्याला सांगितलं.

"मी म्हटलं, बोलू नकोस," अध्यक्ष म्हणाले. ते आमच्याकडे बघत नव्हते. "मला वाटलं, ही रोज त्याच जिन्यातून जाणार. लोक बोट दाखवतील. ते चौघं काय, दुसरीकडे राहतील."

सोलापूरचा खाली बघत होता.

संपादकबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. त्या जिंकल्या होत्या. लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं ठरलं होतं. त्या चालत मागे गेल्या.

"मला तुझ्यावर लिहायचं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"हो, पण आलं माझ्यावरच," ती म्हणाली. "पेढे कधी, हे मी तीन वेळा वाचलं."

पाच वाजले. काका उठले, माझ्याकडे पाहून घड्याळ दाखवलं. ज्यूरीनं निवाडा दिलाच नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या, जुन्यांनीही आणि नव्यांनीही. नियम मतालाही टाकला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष ऑफिसला उशिरा गेले. आधी व्यवस्थापनाच्या ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगून आले. चौघं तिथेच राहिले. सोलापूरच्याची आई आली, आणि तिनं केलेली शेंगापोळी सगळ्या मजल्यांना मिळाली.

पुढच्या 'टोचणी'त माफी असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. बाईंना माफी मागता येत नसे, तो अवयवच त्यांच्यात नव्हता. त्या अंकात अग्रलेखही नव्हता. दोन्ही पानं भरून कचऱ्याचं वेळापत्रक होतं, मराठीत, प्रत्येक वाराचं चित्र काढून. माहिती हॉलच्या काकांकडून मी विचारून आणली होती. चित्रं अध्यक्षांच्या बायकोची. तिचा हात फार सुरेख होता. डायपर जळणाऱ्या कचऱ्यात, हे दाखवायला तिनं एक कावळा काढला होता, निराश होऊन परत जाणारा. त्यासाठी बाई आठवडाभर रोज सकाळी तिच्याकडे जात होत्या. तिनं पहिल्या दिवशी दार उघडलं, दुसऱ्या दिवशी बस म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, चहा घेणार का. हे मला बाईंनीच सांगितलं. मी विचारलं, "मग काय म्हणालात?"

"म्हटलं, तुला जो सोपा पडेल तो," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मार्चमध्ये प्रोजेक्टचा तो टप्पा संपला. अकरा जणांना परत पाठवलं, त्यात यजमान होते. वसाहतीत कुजबुज झालीच. सामान बांधताना मी न राहवून विचारलं, "हे त्या प्रकरणामुळे तर नसेल?"

"मलाही दोन रात्री तेच वाटलं," बाई म्हणाल्या. "पण पुरावा नाही. आणि पुरावा नसेल तर मी छापत नाही, आणि मनातही धरत नाही." मग यजमानांकडे वळून, "काय हो?"

"यादी मी पाहिली," यजमान म्हणाले. "टेस्टर सगळेच गेले." त्यांचा सूर समाधानाचा होता, तक्ता बरोबर आल्यासारखा.

ते गेले. मला वाटलं, 'टोचणी'ही गेली.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात अध्यक्ष उभे. सायकल खाली लावलेली, पाठीवर बाळ, आणि हातात झेरॉक्सचा गठ्ठा. अंक त्यांच्या बायकोनं काढला होता. सगळं तिनंच लिहिलेलं, कडेनं चित्रं. त्यांना बारा मजले वाटायचे होते आणि ते अजून चौथ्यावरच होते.

त्यांनी मला एक प्रत दिली, मग जरा घुटमळले.

"दुसऱ्या पानावर माझ्यावर आहे," ते म्हणाले. "आधी तेच वाचा. चांगलं लिहिलंय."